संभाजी, छत्रपती : इतिहासलेखनातील बदलती प्रतिमा

(१४ मे १६५७–११ मार्च १६८९). मराठी राज्याचे दुसरे छत्रपती. त्यांच्या चरित्राइतकी परस्परविरोधी मते मराठ्यांच्या इतिहासातील फारच थोड्या व्यक्तींच्या वाट्यास आली असतील. बखरकारांनी त्यांना व्यसनी व उतावळे म्हटले. एकोणिसाव्या शतकातील इतिहासकारांनी तो निर्णय किरकोळ फेरफारांसह स्वीकारला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधकांनी त्यांस विद्वान, शूर व दक्ष राज्यकर्ता ठरविले. प्रतिमेचा हा पालट कसा घडला, त्यात नव्या साधनांचा वाटा किती आणि बदलत्या काळाच्या अपेक्षांचा किती, हा इतिहासलेखनशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

निर्विवाद घटना : मतभेद समजण्यासाठी ज्या घटनांविषयी वाद नाही, त्या प्रथम लक्षात घेणे इष्ट. संभाजींचा जन्म पुरंदर किल्ल्यावर झाला. त्यांची माता सईबाई १६५९ मध्ये निवर्तली. १६६६ मध्ये ते वडिलांबरोबर आग्र्यास गेले. डिसेंबर १६७८ मध्ये ते मोगल सरदार दिलेरखान यास जाऊन मिळाले व सुमारे एक वर्षाने पन्हाळ्यास परतले. ३ एप्रिल १६८० रोजी छत्रपती शिवाजी महाराज रायगडावर निधन पावले, तेव्हा संभाजी पन्हाळ्यावर होते. सोयराबाई व काही प्रधान यांनी दहा वर्षांच्या राजारामास गादीवर बसविले. परंतु सोयराबाईंचेच बंधू सेनापती हंबीरराव मोहिते यांनी संभाजींचा पक्ष घेतल्यामुळे हा बेत फसला. १६ जानेवारी १६८१ रोजी संभाजींचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी त्यांच्याविरुद्ध पुन्हा कट झाला आणि अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी चिटणीस, हिरोजी फर्जंद आदींना देहदंड देण्यात आला. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर याला त्यांनी आश्रय दिला. पुढील आठ वर्षे मोगल, जंजिऱ्याचे सिद्दी व गोव्याचे पोर्तुगीज यांच्याशी झुंजण्यात गेली. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे मुकर्रबखानाने त्यांना कवी कलशासह पकडले आणि ११ मार्च रोजी औरंगजेबाच्या आज्ञेने त्यांचा क्रूरपणे वध करण्यात आला.

या सांगाड्यात हेतू, स्वभाव व कारणे भरण्याचे काम निरनिराळ्या काळांतील लेखकांनी आपापल्या परीने केले. वादाचा उगम तेथे आहे.

बखरींची परंपरा : शिवाजी महाराजांचे सर्वांत जुने गद्य चरित्र म्हणजे कृष्णाजी अनंत सभासद यांची बखर. ती १६९७ च्या सुमारास जिंजी येथे, राजाराम महाराजांच्या आश्रयाने लिहिली गेली. तीत थोरल्या पुत्राविषयी पित्यास वाटणाऱ्या चिंतेचे सूचन आहे. सभासद हा जाणता व बहुतांशी विश्वसनीय लेखक असला, तरी ज्या दरबारात तो लिहीत होता, त्या दरबाराच्या धन्याला १६८० मध्ये संभाजींच्या जागी गादीवर बसविण्यात आले होते, ही गोष्ट विसरून चालत नाही.

संभाजींच्या रूढ प्रतिमेवर याहून मोठा परिणाम केला तो मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीने. ही बखर १८१० च्या सुमारास, म्हणजे संभाजींच्या मृत्यूनंतर सुमारे १२० वर्षांनी सिद्ध झाली. लेखक हा देहदंड झालेल्या बाळाजी आवजींचा वंशज होता. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या एका अन्यायाच्या आठवणीची छाया या बखरीवर पडलेली दिसते. संभाजींचा क्रोध, व्यसने, परस्त्रीविषयक वर्तन व कवी कलशाचे त्यांच्यावरील वर्चस्व यांच्या कथा या बखरीमुळे सर्वतोमुखी झाल्या. तथापि याच घराण्याचा दुसरा पुरावाही ध्यानात घ्यावा लागतो : बाळाजी आवजींचे पुत्र खंडो बल्लाळ यांनी पित्याच्या देहदंडानंतरही संभाजींची व पुढे राजारामांची निष्ठेने सेवा केली. म्हणजे एकाच घराण्यात त्या राजाविषयी आठवणीचे दोन धागे होते. ग्रंथरूपाने टिकला तो मात्र कटू धागा.

परकीय साधने : मोगलांकडील लेखकांत भीमसेन सक्सेना, साकी मुस्तैदखान, ईश्वरदास नागर व खाफीखान हे प्रमुख होत. त्यांपैकी भीमसेन हा दक्षिणेतील स्वाऱ्यांत स्वतः वावरलेला, तर खाफीखानाचा ग्रंथ महंमदशाहाच्या कारकीर्दीत पूर्ण झालेला. शत्रूविषयी लिहिताना हे लेखक कठोर शब्द योजतात. मात्र मोहिमांच्या तारखा, छावण्यांची ठिकाणे व सरदारांच्या नेमणुका यांबाबत ते बरेच काटेकोर आहेत. त्यांच्या निंदेकडे जितक्या सावधपणे पाहावे लागते, तितकेच त्यांच्या तपशिलाला महत्त्व द्यावे लागते. इटालियन प्रवासी मनुची याने ऐकीव कथांचा भरणा केला, तर मुंबईकर इंग्रज व गोव्याचे पोर्तुगीज यांच्या पत्रव्यवहारात व्यापारी हितसंबंधांच्या चष्म्यातून पण घटनेच्या ताज्या क्षणी केलेल्या नोंदी आढळतात.

एकोणिसावे शतक : ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. साताऱ्यास कंपनी सरकारचा अधिकारी म्हणून काम केलेल्या या लेखकाने मराठी व फार्सी कागदपत्रे परिश्रमपूर्वक जमविली. मात्र संभाजींविषयी लिहिताना त्याचा मोठा आधार चिटणीसांच्या बखरीचा होता. संभाजींचे वैयक्तिक शौर्य त्याने मान्य केले. पण शिवाजी महाराजांनी घालून दिलेली शिस्त त्यांच्या काळात ढासळली, हा त्याचा निष्कर्ष पुढील अनेक ग्रंथांनी जसाच्या तसा उचलला. एका घराण्याची आठवण अशा रीतीने इंग्रजी ग्रंथात शिरली आणि छापील इतिहासाचे प्रामाण्य घेऊन मराठीत परत आली. पुढे एकच विधान अनेक ग्रंथांत सापडू लागल्याने ते अनेक पुराव्यांनी सिद्ध झाल्याचा भास निर्माण झाला. वस्तुतः त्या सर्वांचा उगम एकच होता.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध : या काळात साधनांची कक्षा विस्तारली. लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलीमुळे सतराव्या शतकातील घटनांचा तिथीवार आराखडा हाती आला. भारत इतिहास संशोधक मंडळाने (स्थापना १९१०) अस्सल पत्रांच्या प्रकाशनाचा पाया घातला. तथापि संभाजींविषयीचा निर्णय लगेच बदलला नाही. यदुनाथ सरकार यांनी औरंगजेबाच्या चरित्रात फार्सी साधनांच्या आधारे संभाजींचे चित्र प्रतिकूलच रंगविले. अकबर हाताशी असताना उत्तरेकडे मोठी चढाई करण्याची संधी दवडली, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. गो. स. सरदेसाई यांनी मराठी रियासतीतील भागास ‘उग्रप्रकृति संभाजी’ असेच नाव दिले. त्यांच्या लेखनात दोषारोपाबरोबर सहानुभूतीही आहे. परंतु राज्याच्या संकटाचा उलगडा राजाच्या स्वभावातून करण्याची जुनी रीत त्यांनी सोडली नाही.

ललित वाङ्मयाने या प्रतिमेला आणखी गडद केले. राम गणेश गडकरी यांचे अपूर्ण व मरणोत्तर प्रसिद्ध झालेले राजसंन्यास हे नाटक आणि थोरातांची कमळा हा १९४१ मधील चित्रपट ही त्याची ठळक उदाहरणे होत. इतिहासग्रंथ वाचणारे थोडे. नाटके व चित्रपट पाहणारे पुष्कळ. त्यामुळे रंगभूमीवरील संभाजी हाच सर्वसामान्यांच्या मनातील संभाजी ठरला.

पुनर्मूल्यांकन : या प्रवाहास निर्णायक वळण दिले ते वा. सी. बेंद्रे यांनी. अनेक वर्षे साधने गोळा करून त्यांनी १९६० मध्ये छत्रपती संभाजी महाराज हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणते विधान प्रथम कोणी, कधी व कोणत्या हेतूने केले हे तपासून समकालीन आणि उत्तरकालीन पुरावा वेगळा करणे, ही त्यांची पद्धत होती. कमल गोखले यांनी शिवपुत्र संभाजी (१९७१) या प्रबंधात हीच पद्धत अधिक शिस्तीने राबविली. सेतुमाधवराव पगडी यांनी फार्सी साधने मराठीत आणली, तर पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दप्तरांतील पोर्तुगीज कागदांचा उपयोग करून पोर्तुगेज-मराठे संबंध (१९६७) हा ग्रंथ सिद्ध केला. १६८३ मध्ये फोंड्याच्या वेढ्यातून पोर्तुगीज व्हाइसरॉयला माघार घ्यावी लागली, त्यानंतर मराठ्यांनी जुवे बेट घेतले आणि प्रत्यक्ष गोवे शहर धोक्यात आले, हे पोर्तुगीजांच्याच कागदांवरून स्पष्ट होते. विलासात बुडालेल्या राजाच्या जुन्या चित्राशी हा पुरावा जुळत नाही.

संभाजींच्या विद्वत्तेची साक्षही याच काळात पुढे आली. बुधभूषण हा त्यांच्या नावावरील संस्कृत ग्रंथ, १६८० मधील संस्कृत दानपत्र, आंबेरच्या रामसिंगास अकबराच्या बाजूने उभे राहण्याविषयी पाठविलेले संस्कृत पत्र आणि चिंचवडच्या देव संस्थानासंबंधीची आज्ञापत्रे यांतून राजकारणाचे व्यापक भान असलेला, कारभारात लक्ष घालणारा राजा दिसतो. रामसिंगास लिहिलेल्या पत्रामुळे सरकारांच्या आक्षेपालाही वेगळे वळण मिळते. उत्तरेतील राजांना जोडून घेण्याचा विचार संभाजींच्या मनात होता. तो तडीस का गेला नाही, हा प्रश्न मग स्वभावाचा न राहता साधनसामग्रीचा व परिस्थितीचा होतो.

चिकित्सेची तीन उदाहरणे : साधनांच्या छाननीमुळे निष्कर्ष कसे बदलतात, हे पुढील तीन प्रकरणांवरून दिसून येईल.

पहिले प्रकरण सोयराबाईंच्या मृत्यूचे. रायगड हाती येताच संभाजींनी सावत्र मातेस भिंतीत चिणून मारले, अशी कथा बखरीच्या आधारे दीर्घकाळ सांगितली गेली. परंतु ऑगस्ट १६८० च्या दानपत्रात संभाजींनी आपल्या या मातेचे मन स्फटिकासारखे निर्मळ असल्याचे म्हटले आहे आणि जेधे शकावलीप्रमाणे तिचा मृत्यू १६८१ च्या ऑक्टोबरात, म्हणजे रायगड ताब्यात आल्यानंतर वर्षाहून अधिक काळाने झाला. भिंतीची कथा त्यामुळे टिकत नाही. मात्र दुसऱ्या कटानंतर लवकरच झालेल्या या मृत्यूस संभाजी कितपत जबाबदार होते, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. एक आरोप खोटा ठरला म्हणजे सर्व शंका मिटल्या, असे होत नाही.

दुसरे प्रकरण १६८१ मधील देहदंडांचे. चिटणीसांच्या बखरीत हे दंड रागाच्या भरातील अविचार म्हणून येतात. मुंबईच्या इंग्रजांनी त्याच सुमारास लिहिलेल्या पत्रांत मात्र राजाच्या जिवावर उठलेल्या कटाची बातमी आहे. मराठी दरबारातील कोणत्याही पक्षाशी इंग्रजांचे सोयरसुतक नसल्याने कटाच्या अस्तित्वाला या नोंदीमुळे स्वतंत्र आधार मिळतो. कट झाला होता हे मान्य केल्यानंतरही प्रत्येक आरोपीचा अपराध सारखाच होता काय, हा प्रश्न उरतो. शिवाजी महाराजांच्या हाताखाली तयार झालेली अनुभवी माणसे राज्य मोठ्या संकटात असताना नाहीशी झाली, ही हानी दोन्ही पक्षी सारखीच खरी आहे.

तिसरे प्रकरण संगमेश्वरच्या फितुरीचे. येथे प्रत्येक परंपरेचा आरोपी वेगळा आहे. मनुचीने कवी कलशावर ठपका ठेवला. पण ज्याला धन्याबरोबरच हालहाल करून मारण्यात आले, त्याला औरंगजेबाचा हस्तक मानणे कठीण आहे. पाँडिचेरीचा फ्रेंच अधिकारी फ्रान्स्वा मार्तें याच्या नोंदीत ब्राह्मण अधिकाऱ्यांवर संशय आहे. मराठी परंपरेत गणोजी शिर्के यांचे नाव घेतले जाते. शिर्क्यांचा कवी कलशाशी झालेला संघर्ष व त्यासाठी संभाजींचे रायगडाहून येणे या गोष्टींना जेधे शकावलीचा आधार आहे. परंतु वैर असणे आणि शत्रूला वाट दाखविणे या दोन निराळ्या गोष्टी होत. साकी मुस्तैदखानाच्या वृत्तांतात मुकर्रबखानाला हेरांनी आणलेली बातमी व त्याने बिकट घाटांतून केलेली वेगवान दौड यांना यशाचे श्रेय दिले आहे. एवढ्या मोठ्या आघाताचे कारण शत्रूची तत्परता व आपली गाफिली हे असू शकते, हे मान्य करणे समाजास जड जाते आणि म्हणून फितुराचा शोध सुरू होतो. त्या शोधात ज्याचे नाव येते, त्याच्या घराण्याला वा जातीला पिढ्यान्‌पिढ्या तो डाग वागवावा लागतो.

अखेरच्या प्रसंगाबाबतही असाच भेद करावा लागतो. मोगलांकडील हकिकतीत खजिन्याचा ठावठिकाणा व मराठ्यांशी संधान बांधणाऱ्या मोगल सरदारांची नावे या दोन गोष्टींची पृच्छा येते; धर्मांतराच्या मागणीची कथा बखरींत येते. कैदेत संभाजींनी दाखविलेले धैर्य व बादशहाचा त्यांनी केलेला अधिक्षेप यांविषयी मात्र शत्रुपक्षाच्या लेखणीतूनही साक्ष मिळते. म्हणून तो भाग अधिक भक्कम पायावर उभा आहे.

प्रतिमेचे दुसरे टोक : बेंद्रे यांच्या ग्रंथानंतर ललित वाङ्मयही पालटले. वसंत कानेटकर यांनी रायगडाला जेव्हा जाग येते (१९६२) या नाटकात पितापुत्रांतील ताण मानवी पातळीवर मांडला व इथे ओशाळला मृत्यू (१९६८) यात संभाजींच्या बलिदानास केंद्रस्थान दिले. शिवाजी सावंत यांच्या छावा (१९७९) या कादंबरीने तेजस्वी संभाजी घराघरांत पोहोचविला. जयसिंगराव पवार यांनी संपादित केलेल्या छत्रपती संभाजी स्मारक ग्रंथाने (१९९०) नव्या संशोधनाचे संकलन केले.

पुढील काळात हा विषय ग्रंथालयाबाहेर पडला. राजसंन्यास नाटकातील चित्रणाच्या रागातून जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकरी यांचा पुतळा उखडण्यात आला. वढू बुद्रुक येथे संभाजींचे अंत्यसंस्कार कोणी केले, याविषयीच्या दोन परंपरांवरून डिसेंबर २०१७ मध्ये तणाव निर्माण झाला. २०२३ मध्ये औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर असे बदलण्यात आले. २०२५ मध्ये छावा या हिंदी चित्रपटातील फितुरीच्या चित्रणास शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली व दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या घटनांचा निकाल आजच्या माणसांच्या प्रतिष्ठेशी असा जोडलेला आहे.

या वातावरणात जुन्या दोषाची उलट बाजूने पुनरावृत्ती होण्याचा संभव असतो. बखरकारांनी राज्याची सर्व संकटे राजाच्या दुर्गुणांतून निघाल्याचे दाखविले. गौरवपर लेखनात राजाचे सर्व अपयश इतरांच्या विश्वासघातातून निघाल्याचे दाखविले जाते. दोन्ही रीतींत परिस्थितीचा विचार मागे पडतो. दिलेरखानाकडे जाणे हे पितापुत्रांनी संगनमताने रचलेले नाटक होते, असे सांगून तो प्रसंग पुसून टाकण्याचा प्रयत्न या प्रवृत्तीचे उदाहरण आहे. एकवीस वर्षांचा युवराज, घरातील वारसाहक्काचा पेच, प्रधानांशी वितुष्ट आणि मोगलांची भेदनीती यांतून तो प्रसंग समजून घेता येतो; त्यासाठी तो नाकारण्याची गरज नाही.

संभाजींच्या कारकीर्दीच्या फलिताविषयीही असाच समतोल आवश्यक आहे. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला. १६८६ मध्ये विजापूर व १६८७ मध्ये गोवळकोंडा ही राज्ये त्याने बुडविली. मराठी राज्य मात्र त्याला जिंकता आले नाही. संभाजींच्या चिवट प्रतिकाराचे हे यश, असे नव्या संशोधकांचे म्हणणे आहे. त्याला एक मर्यादा घालावी लागते : १६८५ ते १६८७ या काळात बादशहाचे मुख्य बळ त्या दोन शाह्यांवर गुंतले होते. उलट, १६८९ च्या नोव्हेंबरात रायगड पडून येसूबाई व शाहू शत्रूच्या हाती लागले, तरी मराठ्यांचा लढा थांबला नाही आणि १७०७ मध्ये औरंगजेब दक्षिणेतच मरण पावला. शिवाजी महाराजांची व्यवस्था संभाजींच्या काळात पूर्णपणे मोडली असती, तर एवढा दीर्घ संघर्ष चालविणे शक्य झाले नसते.

मूल्यमापन : संभाजीविषयक इतिहासलेखनाचा हा प्रवास अज्ञानाकडून ज्ञानाकडे गेलेली सरळ वाट नव्हे, तसाच तो केवळ मतांचा लंबकही नव्हे. साधने वाढली तेव्हा प्रतिमा आपोआप बदलली नाही. जेधे शकावली उपलब्ध झाल्यानंतरही चार दशके जुने मत टिकून होते. ते बदलण्यासाठी जुन्या मताला प्रश्न विचारण्याची इच्छा लागली व ती स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राच्या आत्मभानातून आली. परंतु त्या इच्छेला दानपत्रे, वखारींची पत्रे व पोर्तुगीज दप्तरे यांचा आधार मिळाला नसता, तर ती भावनेच्या पातळीवरच राहिली असती. प्रश्न काळ पुरवितो. उत्तर मात्र कागदांना द्यावे लागते.

या दीर्घ वादातून एक टिकाऊ लाभ झाला. साक्षीदार घटनेपासून किती दूर होता, त्याचा हितसंबंध काय होता आणि त्याचे विधान स्वतंत्र आहे की दुसऱ्याच्या विधानाची नक्कल, हे तीन प्रश्न मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना या प्रकरणाने शिकविले. प्रतिकूल पुराव्याला जी कसोटी लावली जाते, तीच अनुकूल पुराव्यालाही लावली, तरच बखरींनी केलेल्या अन्यायाचे परिमार्जन झाले असे म्हणता येईल.